छत्तीसातले अकरा

निघोज्याच्या कोंडाजीची शालन कॉलेजात नेमकं काय शिकते, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कोंडाजीला तर त्याहून नाही. ऐंशी साली चिंचवडच्या एका कॉलेजानं कॉम्प्युटर सायन्सची पदवी सुरू केली आणि बारावीला गणितात साठाच्या वर मार्क असलेली मुलं हवीत, असं फळ्यावर लिहून लावलं. शालनला ब्याण्णव होते. तिनं बापाला न विचारता अर्ज भरला आणि यादीत नाव लागल्यावर विचारलं.

कोंडाजी चिडला नाही. चिडण्याआधी फायदा-तोटा बघणारा माणूस तो. त्यानं आपली एक अट घातली.

"शीक. पर चांगलं स्थळ आलं की ज्या वर्गात बसली असशील तिथनं उठायचं. कबूल?"

"कबूल," शालन म्हणाली. चांगलं म्हणजे किती चांगलं, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनंही मुद्दाम विचारलं नाही.

पहिल्या वर्षी गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असे विषय होते. कॉम्प्युटर कुठंच नव्हता. दुसऱ्या वर्षी फोर्ट्रान नावाची कॉम्प्युटरची भाषा आली, तीही फळ्यावर. पोरं वहीत प्रोग्राम लिहायची आणि वाघेरे सर लाल पेन्सिलीनं सांगायचे, हा चालेल, हा चालणार नाही. शालन रोज सकाळी एसटीनं भोसरी, तिथून पुढं चिंचवड, आणि अंधार पडायच्या आत परत. कोंडाजी जेवताना न चुकता विचारायचा,

"कंपूटर बघितला का?"

"न्हाई अजून. तिसऱ्या वर्षाला."

"दोन वर्सं म्हशीचं पुस्तक वाचताय, आन् दावनीला म्हैस न्हाई!" कोंडाजी म्हणायचा. "धार कवा काढायची?"

तिसऱ्या वर्षी म्हैस दिसली. पिंपरीतल्या एका कंपनीत मोठा कॉम्प्युटर होता. शनिवारी दुपारी तो रिकामा असे, तेव्हा कॉलेजच्या पोरांना दोन तास मिळू लागले. काचेच्या खोलीत कपाटाएवढी यंत्रं घरघरत असायची, आणि आत इतका गारठा की मुली उन्हाळ्यातही स्वेटर घेऊन जात. प्रोग्रामची एकेक ओळ एकेका जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून उमटवायची, सगळी कार्डं रबरानं बांधायची आणि ऑपरेटरच्या हातात द्यायची. गठ्ठा हातातून सुटून कार्डं विखुरली की तो शनिवार गेला.

पदवीची शेवटची अट होती प्रोजेक्ट. प्रत्येकानं स्वतःचा एक प्रोग्राम करायचा, तो यंत्रावर चालवून दाखवायचा, वाघेरे सरांची सही घ्यायची आणि मग बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर उभं राहायचं. सही नाही तर परीक्षा नाही. कुणी पगारपत्रक घेतलं, कुणी क्रिकेटच्या धावा. भीमराज देहूरोडचा, त्याचे वडील साहेबराव तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं लोकलचं वेळापत्रक घेतलं, कारण गाडी चुकण्यात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. शालनचं ठरत नव्हतं. मग दिवाळीत अर्जुनचं स्थळ आलं आणि एका दिवसात ठरलं.

अर्जुन चाकणचा. बाजारात कांद्याची आडत, दारात टेम्पो, अंगात खाकी सफारी. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. कोंडाजीनं बघताक्षणी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळं व्हायचं ठरवलं. आता फक्त नावावरून गुण जुळवायचे राहिले होते. त्यांच्यात जन्मवेळ कुणी लिहून ठेवलेली नसायची. नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र काढायचं आणि छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते चाकणचे जोशी सांगायचे. अठराच्या खाली आले की स्थळ सोडून द्यायचं.

"दादा, जोश्यांकडं कशाला?" शालन बापाला म्हणाली. "माझं प्रोजेक्ट त्येच हाय. कंपूटर सांगंल की गुण."

कोंडाजीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "कंपूटर पत्रिका बघतोय?"

"सांगितलं तसं बघतोय."

यात ती खोटं काहीच बोलली नव्हती. पुढचे तीन आठवडे तिनं पंचांगातली कोष्टकं कार्डांवर उतरवली. सत्तावीस नक्षत्रं, नाडी, गण, योनी, सगळं. प्रोग्राम पहिल्याच शनिवारी धडपणे चालला. वधू शालन, नक्षत्र शततारका. वर अर्जुन, नक्षत्र कृत्तिका. घरघर झाली, लांबलचक कागद बाहेर आला, आणि त्यावर आकडा होता अठ्ठावीस.

शालन त्या कागदाकडं अशी बघत राहिली, जणू काही कागदानंच मागणी घातली होती.

"अभिनंदन," शेजारून भीमराज म्हणाला. "बुंदी की जिलबी?"

"गप रे. सहा महिने राहिलेत पदवीला."

"आमच्यात हे झंझटच नाही. बुद्धवंदना घ्यायची, दोन हार घालायचे, जेवायला बसायचं. गुण लग्नानंतर कळतात." त्यानं तिच्या हातातला गठ्ठा बोटांनी फर्रकन चाळला. "किती कार्डं आहेत यात?"

"दोनशेच्या वर."

"मग अजून एकानं काय वजन वाढणार आहे?"

शालननं त्याच्याकडं पाहिलं, मग भोकं पाडायच्या यंत्राकडं. एक कोरं कार्ड घेऊन तिनं त्यावर एक ओळ उमटवली. वधूचं नक्षत्र शततारका असेल तर गुण अकरा. कार्ड तिनं बरोबर जागा बघून गठ्ठ्यात सरकवलं आणि ऑपरेटरला गोड हसून म्हटलं, "काका, अजून एकदा चालवता?"

संध्याकाळी कोंडाजीच्या घरी त्या कागदाची पूजा झाली. कौशल्याबाईंनी, म्हणजे शालनच्या आईनं, त्याला हळदीकुंकू लावलं. अक्षरं इंग्रजी होती, पण आकडा कोंडाजीला वाचता येत होता.

"अकरा," तो म्हणाला आणि मटकन बसला. "छत्तीसातले अकरा. आसलं सोन्यासारखं स्थळ!"

"मशीनला सोनं कळत न्हाई, दादा," शालन खालमानेनं म्हणाली. आई तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली, पण बोलली काही नाही.

अर्जुनला नकार गेला. पाठोपाठ महाळुंग्याचा एक मास्तर आणि आळंदीचा एक दुकानदार आला. दोघांनाही अकरा. कोंडाजी म्हणायला लागला, की ह्या पोरीचं नक्षत्रच कडक हाय. शालननं त्यावर एक लांब सुस्कारा सोडला आणि वही उघडली. सगळं कसं झकास चाललं होतं.

भानगड झाली ती कोंडाजीच्या तोंडामुळं. माझी पोरगी कंपूटरवर गुण काढते, हे तो दुधाच्या डेअरीवर, गिरणीत आणि देवळाच्या पारावर सांगत सुटला. मग माणसं चिठ्ठ्या घेऊन दारात. ह्या पोराचं नाव, त्या पोरीचं नाव, एवढं शनिवारी बघून आन गं बाय. शालनला नाही म्हणता येईना. बहुतेकांचे गुण खरे यायचे आणि माणसं खूश व्हायची. पण शततारका काही एकट्या शालनची नव्हती. नावाच्या आरंभी सा, सी, सू किंवा गो असलं की ती शततारका, आणि श-स पंचांगात एकच. एकट्या निघोज्यात असल्या बायका किती, हे शालनच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिल्यांदा आली गोजाबाई. ही कोंडाजीची थोरली बहीण, गावातच दिलेली. आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस वळावी. तिचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी तिनं हौसेनं स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव दिलं. कागद आला. अकरा.

गोजाबाईनं तो कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "बघा! मशीन बी म्हनतंय. चाळीस वर्सं मी म्हनत व्हते, माझं कुनी ऐकलं न्हाई."

नवरा बिचारा भला माणूस. त्यानं विचारलं, "आता काय करायचं म्हनतीस?"

"गुण कमी पडलेत तेवढं काम करून भरून काढायचं." दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सकाळचा चहा करू लागला आणि विहिरीवरून पाणी आणू लागला. गावातले गडी त्याला पाहून तोंड फिरवून हसायचे. शालनही पोट धरून हसली.

पण पुढच्या आठवड्यात सुभद्रा रडत आली, तेव्हा तिचं हसू पळालं. सुभद्रा तिची चुलतबहीण. कुरुळीच्या ज्योतीरामशी तिचं ठरल्यातच जमा होतं, आणि कुरुळीच्या जत्रेपासून दोघांनी एकमेकांना चोरून पाहूनही घेतलं होतं. आता तिच्या बापानं, म्हणजे शालनच्या चुलत्यानं, गुणांचा कागद मागवला होता. सु म्हणजे शततारका, शततारका म्हणजे अकरा. चुलता म्हणाला होता, मोडा.

"शालू, तुझ्या त्या मशीनला परत इचार की," सुभद्रा म्हणाली. "म्हनावं, नीट बघ. तो लई चांगला हाय गं. माझ्यासाठी गुळाची ढेप चोरली त्यानं घरातली."

शालनला त्या रात्री जेवण गेलं नाही. गंमत आपली, आणि हुंदके सुभद्राचे, हे काही बरं नव्हतं. कार्ड काढायचं ठरवूनच ती कॉलेजात गेली, तर त्याच दिवशी वाघेरे सरांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर तिच्या प्रोग्रामचा कागद पसरलेला होता आणि एका ओळीभोवती लाल पेन्सिलीनं गोल होता. भीमराज आपल्या वेळापत्रकाच्या शंका घेऊन आधीच तिथं उभा होता.

"शततारकेनं तुझं काय वाकडं केलंय?" सरांनी विचारलं.

शालननं त्या लाल गोलावर बोट ठेवलं.

"सर, ती स्वतः शततारका आहे," भीमराजला राहवलं नाही.

सरांनी चष्मा काढला. "किती स्थळं झाली?"

"तीन, सर."

सर उठले आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. परत वळले तेव्हा चेहरा मात्र गंभीर होता. "प्रोजेक्टचा नियम सोपा आहे. कुणाचंही नाव घातलं तरी उत्तर बरोबर आलं पाहिजे. हे कार्ड आत असेपर्यंत मी सही करणार नाही."

"आणि काढलं तर परीक्षेच्या दिवशी मी मांडवात असेन, सर."

"त्यावर माझ्याकडं उपाय नाही. अटी घालायला प्रोग्रामात कुणी मनाई केलेली नाही. पण जी अट घालशील ती कागदावर सगळ्यांना दिसू दे. लपवून काही ठेवायचं नाही."

परतीच्या एसटीत उभ्या उभ्या शालन त्याच वाक्याचा विचार करत होती. मोशी मागं पडली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि ती एकटीच फिसकन हसली. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं पदर सावरून घेतला.

पुढच्या शनिवारी तिनं ते कार्ड उपसून काढलं आणि त्याच्या जागी नवा भाग लावला. आता गुणांच्या खाली आणखी एक ओळ छापून यायची: वधूची अट. प्रत्येक मुलीला तिची अट विचारायची, ती कार्डावर घालायची, आणि वर तिच्यात बसतो की नाही हे यंत्रानं सांगायचं. सुभद्राला विचारलं तर ती लाजून म्हणाली, "नाव ज्योतीराम असावं." तिचा कागद आला: गुण साडेवीस, अट पूर्ण. चुलत्याला शालननं सांगितलं, की मशीनमध्ये चूक होती, ती दुरुस्त केली. चुलत्यानं सुपारी फोडायची तारीख काढली.

गोजाबाईचा कागद पुन्हा काढला तर गुण आले चोवीस. तिनं तो हातातही घेतला नाही.

"माझं काय बिघडलं न्हाई," ती म्हणाली. "पैला कागद बरोबर हाय. ह्यो तूच ठिव."

चूक दुरुस्त झाली म्हटल्यावर कोंडाजीला जे सुचायचं तेच सुचलं. त्यानं अर्जुनला परत निरोप धाडला. रविवारी सकाळी अर्जुन आपल्या मामाला घेऊन आला. ओसरीवर सतरंजी पडली, गोजाबाईही येऊन बसली. शालननं कागद आणला आणि बापाच्या हातात न देता स्वतःच वाचला.

"गुण अठ्ठावीस."

कोंडाजीचा चेहरा उजळला. मामानं मिशीवरून हात फिरवला.

"खाली अजून एक ओळ हाय," शालन म्हणाली. "वधूची अट, बारावीला गणित, साठाच्या वर. वर अपात्र."

गोठ्यातल्या म्हशीनं तेवढ्यात शेपटी आपटली.

"म्हंजी वो काय?" मामानं विचारलं.

अर्जुनच म्हणाला, "म्हंजी मी नापास, मामा." मग शालनकडं वळून, "मी आडतीवर शंभर गोण्यांचा हिशेब तोंडी करतो."

"तोंडी चालत न्हाई. मला कॉलेजात घेताना कुनी तोंडी घेतलं न्हाई."

कोंडाजीचा आवाज चढला. "ही ओळ कुनी घातली?"

"मी."

"आन् मागं ते अकरा?"

"ते बी मीच घातले, दादा. तवा चोरून घातले. ही अट उघड हाय."

कोंडाजी उठलाच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कौशल्याबाई म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"दिवाळीनंतर बाजाराला गेलते तवा जोश्यांना इचारलं. त्यांनी बी अठ्ठावीसच सांगितले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी मशीनला इचारलं. मला कुठं इचारलं?" कौशल्याबाईंनी चहाचा ट्रे पुढं आणला. "पोरीला परीक्षा देऊ द्या. आडत कुठं पळून जात न्हाई."

कोंडाजीनं बहिणीकडं आधारासाठी पाहिलं. गोजाबाई शांतपणे बशीत चहा ओतत होती. "माझ्याकडं नगं बघू. आमच्या घरात सकाळचा चहा गडीमाणूस करतोय. मी सुखी हाय."

सगळ्यात आधी हसला तो अर्जुन. मोठ्यानं, खुल्या गळ्यानं. "पाव्हनं, परीक्षा होऊ द्या पोरीची," तो कोंडाजीला म्हणाला. "आडतीवर बी माल बघितल्याबिगर भाव कुनी बोलत न्हाई. ह्यांनी माल बघितला, भाव न्हाई जमला." मग चहा पिऊन, आपल्या मामाला उठवून, टेम्पो वाजवत तो निघून गेला. कोंडाजी पंधरा दिवस लेकीशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी एसटी चुकली म्हणून तिला आपल्या सायकलवर मागं बसवून मोशीपर्यंत सोडलं, तेही न बोलता.

परीक्षक पुण्याहून आले. जाड काचांचा चष्मा, थोडा सुरकुतलेला कोट. शालनचा प्रोग्राम त्यांनी ओळीनं वाचला, नाडीदोष कसा तपासते ते विचारलं, कोष्टकातली दोन घरं पंचांगाशी ताडून पाहिली. मग जरा घुटमळत म्हणाले, "एखादं खरं उदाहरण चालवू या." त्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि बायकोचं.

भीमराज दाराशी होता. त्यानं डोळे मिटून घेतले. यंत्र घरघरलं, कागद आला. गुण साडेदहा.

वाघेरे सर झटकन छताकडं बघू लागले. शालनच्या कपाळावर त्या गारठ्यातही घाम आला. या वेळी तिनं काहीच केलेलं नव्हतं, आणि ते कुणाला पटलं असतं?

परीक्षकांनी कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बराच वेळ ते त्या खिशावर हात ठेवून बसले.

"प्रोग्राम बरोबर आहे," ते म्हणाले. "मला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे."

शालन पहिल्या वर्गात पास झाली. भीमराजही पास झाला, वेळापत्रकासकट. त्याच कंपनीत त्या काचेच्या खोलीत दोघांना नोकरी लागली, आणि शालन आता बारा महिने स्वेटर घालून फिरू लागली. कोंडाजीनं स्थळं बघणं थांबवलं नाही, पण यायच्या आधी पोराची मार्कांची यादी मागवायला लागला. त्यामुळं स्थळं आपोआपच कमी झाली.

दुसऱ्या वर्षी चैत्रात एकदा कंपनीच्या फाटकावर टेम्पो येऊन थांबला. अर्जुन उतरला. त्यानं बाहेरून बारावीचं गणित दिलं होतं.

"एक्केचाळीस पडले," तो म्हणाला.

"साठ पाहिजेत," शालन म्हणाली. पण तिला वाईट वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं असावं.

"नको, नको. फेरतपासणीला न्हाई आलो." त्यानं पिशवीतून एक पत्रिका काढली, हळदीची बोटं लावलेली. "लग्नाची हाय, माझ्या. राजगुरुनगरची पोरगी. तिची अट येवढीच, की रोज संध्याकाळी साताच्या आत घरी. ती आपल्याला झेपंल. तुमी यायचं. आत्ता फाटकावर भेटला त्या देहूरोडवाल्या भीमराजला बी आना."

दोघंही गेले. जेवणात बुंदीही होती आणि जिलबीही. भीमराजनं दोन्ही दोनदा घेतली, आणि परतीची गाडी चुकवली.